बहात्तरावा रकाना

फळी सापडली ती चुकीच्या किनाऱ्यावर.

पोपटी रंगाची, मध्ये पांढरी पट्टी, आणि पट्टीवर लाल रंगात 'भवा' एवढीच अक्षरं. माझ्या भावाच्या बोटीचं नाव 'दर्याभवानी'. ती अक्षरं नारळी पौर्णिमेच्या आधी मीच रंगवली होती, अंगणात पाट टाकून. 'भ'चा दांडा तिरका गेला तेव्हा साईराज पोट धरून हसला होता. "इंजिनिअर बाई, तुला सरळ रेघ येत नाय, आणि सरकार तुला पगार देतं!" फळीवरचा 'भ' तिरकाच होता. ओळख पटवायला मला दुसरं काही लागलं नाही.

साईराज आणि त्याचे दोन खलाशी डिसेंबरच्या सुरुवातीला हरवले. आम्ही त्यांना आमच्या मुरवणे बंदराच्या नैऋत्येला, भर समुद्रात शोधलं. विमानांनी शोधलं, बोटींनी शोधलं, पाणी विंचरून काढलं म्हणा ना. फळी मात्र जानेवारीत मिळाली, ती बंदरापासून खूप उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी. शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकांना.

"फळी बोटीसारखी वाहत नाही, हर्षाली," निरंजन म्हणाला. "बोट फुटली असेल. सुटी फळी कुठेही जाते."

निरंजन माझा नवरा. चिपळूणचा देवस्थळी, लग्नाआधी बांगडा आणि सुरमई यांतला फरक न कळणारा. आम्ही दोघं किनारा शोध केंद्रात काम करतो. तो म्हणत होता ते शास्त्राला धरून होतं. पण ते म्हणताना त्याने फळीकडे पाहिलं नाही. बोट हरवल्यापासून तो असाच झाला होता, अर्धा. साईराज माझा भाऊ खरा, पण दोस्त त्याचा होता.

आमच्या केंद्रात जो प्रोग्राम चालतो त्याला सगळा किनारा 'माग' म्हणतो. इंजिन बंद पडलेली, संपर्क तुटलेली बोट वाहत वाहत कुठे जाईल याचा हिशेब तो करतो आणि थेट शोधविमानांना सांगतो. ही विमानं बिनमाणसांची, आम्ही त्यांना टिटव्या म्हणतो. टिटव्या उडतात, बोट दिसली की घिरट्या घालतात, आणि मागोमाग मदत पोचते. माग आल्यापासून या किनाऱ्यावर हरवलेलं माणूस परत येणं ही नेहमीची गोष्ट झाली. इतकी नेहमीची, की एक जुनी रीत त्यात गेली. पूर्वी बोट चुकली की सगळं बंदर बाहेर पडायचं. कुणी वर, कुणी खाली, कुणी सरळ आत. कुणाला काही ठाऊक नसायचं, म्हणून सगळीकडे शोधायचे. आता सगळे मागाने दाखवलेल्या एकाच बाजूला जातात. माग चुकतच नव्हता, मग कशाला कोण उगाच डिझेल जाळणार?

मागाचं पोट जुनं आहे. फोर्ट्रान नावाच्या भाषेत लिहिलेलं, माझ्या आईच्या जन्माआधीची ती भाषा. तरुण पोरं नाकं मुरडतात, पण वारा-पाण्याचे मोठे हिशेब अजूनही ती असे झरझर करते की नव्या भाषांनी तोंडात बोट घालावं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ अगदी साधी आहे. बोटीचा वेग म्हणजे लाटांचा रेटा, अधिक वारा, अधिक पाण्याचा प्रवाह. बस्स.

यातला 'वारा' हा शब्द म्हणजे मॅक्रो. आई दुकानात निरोप पाठवते, "नेहमीचं सामान," आणि दुकानदार तांदूळ, तेल, मसाला सगळं पिशवीत भरतो. तसंच हे. आपण कोडमध्ये 'वारा' एवढंच लिहितो. प्रोग्राम बांधला जाताना संगणक आधी एक फेरी मारतो आणि जिथे 'वारा' दिसेल तिथे त्याचं लांबलचक सूत्र आणून ठेवतो. ते सूत्र बोटीच्या जातीप्रमाणे बदलतं. प्रत्येक जातीची वेगळी छोटी फाइल असते, आणि त्याच पहिल्या फेरीत ती फाइलही जशीच्या तशी मुख्य प्रोग्राममध्ये चिकटवली जाते. ट्रॉलरची फाइल चिकटवली की ट्रॉलरचा माग तयार, छोट्या फायबर होडीची चिकटवली की होडीचा. चिकटवणाऱ्याला मजकुराचा अर्थ कळत नाही. त्याचं काम चिकटवण्याचं.

आणि उंच नाळेच्या लाकडी बोटींची फाइलच नव्हती.

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. साईराजच्या बोटीची नाळ आजोबांच्या वेळच्या घडणीची, चांगली उंच. आता अशा बोटी किनाऱ्यावर मोजक्याच उरल्यात. गणपतीत जेवायला बसलेलं असताना त्याने निरंजनला डिवचलं होतं.

"भावजी, तुमचा तो माग आमच्या बोटीला ट्रॉलर समजतो, खरं काय?"

"जवळपास," निरंजन म्हणाला.

"मग उद्या मी हरवलो तर ट्रॉलर शोधाल नि मला सोडून याल. नाळेवर वारा किती बसतो ठाऊक हाय? पतंग होतो बोटीचा."

आई ओरडली, "जेवताना हरवण्याच्या गोष्टी कसल्या रे करतोस?"

निरंजनच्या मनाला ते लागलं. तो पुढचे रविवार बंदरावर जाऊन बसला. नाळेची उंची घेतली, बाक घेतला, वारा कुठल्या कोनातून आला की बोट कशी फिरते ते पाहिलं. त्यातून त्याने 'वारा'चं नवीन सूत्र लिहिलं, फक्त लाकडी बोटींच्या फाइलसाठी. मी ते पाहिलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. आजही वाटतो, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ऑक्टोबरमध्ये चाचणी झाली. साईराजने खोल पाण्यात जाऊन इंजिन बंद केलं आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत बोट वाहू दिली. निरंजन बोटीवर, मी केंद्रात. फोनवर मागे साईराजचं गाणं आणि निरंजनच्या ओकाऱ्या दोन्ही ऐकू येत होत्या. मागाने सांगितलेली जागा आणि बोटीची खरी जागा जवळजवळ एकच निघाली. संध्याकाळी साईराजने निरंजनला धक्क्यावर खांद्यावर उचलून घेतलं. "आता मी बिनधास्त हरवतो!" असं तो सगळ्या बंदराला ओरडून सांगत होता.

डिसेंबरात मतलई वारा सुटला. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा एरवी शहाण्यासारखा सकाळी थांबतो. त्या आठवड्यात तो थांबेचना. 'दर्याभवानी'च्या इंजिनाला आग लागल्याचा एक तुटका निरोप आला आणि मग काहीच नाही. मागाने नैऋत्य दाखवली. धक्क्यावर सगळे तांडेल, म्हणजे बोटी चालवणारे प्रमुख, जमले. हिराजीकाका त्यांतले सगळ्यात वडीलधारे, माझ्या वडिलांबरोबर समुद्रावर गेलेले.

"दोन बोटी तरी वर उत्तरेला जाऊ देत," ते म्हणाले. "चारी बाजू बघायची आपली जुनी रीत हाय."

निरंजनने भर धक्क्यावर त्यांचे पाय धरले. "काका, हा हिशेब मी स्वतः बसवलाय, साईराजच्याच बोटीसाठी. एकही बोट दुसरीकडे घालवू नका. सगळे नैऋत्येला चला, हात जोडतो."

काकांनी त्याला उठवलं. सगळ्या बोटी नैऋत्येला गेल्या.

फळी पाहून आल्यावर मी केंद्रात दुपारच्या चहाला उठले नाही. मी एक साधी गोष्ट करायला घेतली, जी आमच्यात कुणी करत नाही. आमच्याकडे कोड बदललं की दुसऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचायचं असा दंडक आहे. निरंजनचा बदल केंद्रातल्याच कांचनताईंनी वाचला होता. लाटा, अधिक वारा, अधिक प्रवाह. अगदी बरोबर. पण माणूस 'वारा' हा शब्द एका दमात वाचून पुढे जातो. कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्याच्या समोर येतं ते अख्खं सूत्र. तर मी ती पहिली फेरी झाल्यानंतरचा, सगळं चिकटवून झाल्यानंतरचा मजकूर उघडला. जे कंपायलरला दिसतं ते.

जुन्या फोर्ट्रानचा एक नियम आहे. पूर्वी प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. कार्डाला ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. त्यातले पहिले बहात्तर कोडसाठी, उरलेले कार्डाचा क्रमांक घालायला, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तर परत लावता यावा. कार्डं केव्हाच गेली. नियम राहिला. ओळीत बहात्तराव्या रकान्याच्या पुढे जे असेल ते कंपायलर वाचत नाही. चूकही दाखवत नाही. इशारा द्यायची सोय असते, पण आमच्याकडे ती कित्येक वर्षांपूर्वीच बंद करून टाकलेली, कारण जुन्या लोकांनी त्या मोकळ्या जागेत आपापली टिपणं लिहून ठेवली होती आणि इशाऱ्यांचा नुसता पाऊस पडायचा.

पानावर 'लाटा, अधिक वारा, अधिक प्रवाह' ही ओळ आखूड आणि नेटकी होती. 'वारा'च्या जागी त्याचं नवं, अचूक, प्रेमाने रचलेलं सूत्र आल्यावर ती लांबली. सूत्राचा शेवटचा कंस बरोबर बहात्तराव्या रकान्यात बंद झाला. तो आणखी पुढे सरकला असता तर कंस अर्धा राहिला असता, कंपायलरने बोंब मारली असती आणि निरंजनने दोन मिनिटांत ते सुधारलं असतं. पण कंस नीट बंद झाला. ओळ पूर्ण दिसली. आणि त्यापुढचं 'अधिक प्रवाह' गळून पडलं.

म्हणजे मागाच्या लेखी 'दर्याभवानी' ज्या समुद्रात तरंगत होती, तो समुद्र वाहतच नव्हता.

आमच्या किनाऱ्याजवळ ऑक्टोबरात प्रवाह जवळपास नसतो. म्हणून चाचणी इतकी सुंदर जुळली. डिसेंबरात तो जोरात उत्तरेकडे वाहतो. मी ओळ तोडून दोन ओळींत लिहिली आणि मागाला परत तोच दिवस, तीच जागा, तोच वारा दिला. पडद्यावर रेघ उमटली. ती आधी थोडी आत गेली, मग वळली आणि किनाऱ्याला धरून उत्तरेला सरकत राहिली. कितीतरी दिवस. टिटव्यांच्या टप्प्यात, हिराजीकाकांच्या दोन बोटींच्या वाटेवर. मग दुपारचे खारे वारे तिला जमिनीकडे ढकलत त्या खाडीच्या तोंडाशी घेऊन आले.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. मला निरंजनचा इतका राग आला की त्याचं नाव मनात घेववेना. आणि त्याच दमात, त्याला हे कळता कामा नये, असंही वाटलं. तो मरेल, असं वाटलं. हे दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला विचारू नका.

पण दुसऱ्या लाकडी बोटी समुद्रात होत्या. दुरुस्ती थांबवता येत नव्हती. मी कांचनताईंना वाचायला बोलावलं.

"एका ओळीच्या दोन ओळी?" त्या वाचून म्हणाल्या. "इतकंच?"

"इतकंच," मी म्हटलं. "लांब होत होती."

घरी आई निरंजनला वाढत होती. साईराज गेल्यापासून ती आमच्याकडे होती, आणि तिने त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा घालायचा एक दिवस चुकवला नव्हता. तो तुकडा साईराजचा असायचा.

"खावा जावईबापू," ती म्हणत होती. "किती वाळलात. माझ्या पोरासाठी तुमी काय कमी केलं नाय. माणसानं हात टेकले की मग दर्याची मर्जी. मला तेवढाच आधार हाय, शोधायला कमी नाय पडलो आपण."

निरंजन मान खाली घालून जेवत होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि स्वयंपाकघरात भांडं भरून वाहून गेलं तरी नळ बंद केला नाही. सांगितलं तर नवरा जाणार होता आणि आईचा तेवढाच आधारही. नाही सांगितलं तर त्या दोन खलाशांच्या बायकांच्या डोळ्याला डोळा भिडवायची सोय राहणार नव्हती. मी ठरवलं, गप्प बसायचं. ठरवणं सोपं असतं.

संक्रांतीच्या सुमाराला हिराजीकाकांच्या पुतण्याची बोट चुकली. लाकडी, उंच नाळेची. मागाने रेघ काढली, टिटव्या उडाल्या, आणि उन्हं उतरायच्या आत बोट सापडली. सगळे जिवंत. बंदरावर ही गर्दी झाली. ढोल काय, पेढे काय. लोकांनी निरंजनला धरून धक्क्यावर आणलं. तो महिन्याभरात पहिल्यांदा हसला. मग त्याने खिशातून फोन काढून मागाची रेघ बघितली, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला.

"ही बोट उत्तरेला सापडली," तो म्हणाला.

मी त्याच्या फोनवरच्या रेघेकडे पाहिलं.

"वारा तेव्हासारखाच होता. बोट त्याच जातीची. रेघ उत्तरेला का गेली? हर्षाली, तू काय बदललंस?"

"ओळ तोडली."

"कुठली?"

"लाटा, वारा, प्रवाह."

त्याला पुढे सांगावं लागलं नाही. तो ओठांतल्या ओठांत सूत्र म्हणू लागला, बोटांवर अक्षरं मोजत. मी त्याचे हात धरले. त्याने सोडवून घेतले आणि शेवटच्या कंसापर्यंत मोजत गेला. तिथे थांबला. आजूबाजूला ढोल वाजत होते.

"मी काकांचे पाय धरले होते," तो म्हणाला. "वर जाऊ नका म्हणून."

"तू त्याच्यासाठीच केलं होतंस, निरंजन."

"म्हणूनच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणासाठी इतकं लांब सूत्र लिहिलंच नसतं मी."

तेवढ्यात आई आली. हातात ओवाळायचं ताट, निरांजन पेटवलेलं, तिळाची वडी. सापडून आलेल्या पोरांना तिने ओवाळलं होतं आणि आता जावयाची पाळी होती. स्वतःचा मुलगा गेलेली बाई दुसऱ्यांची मुलं परत आली म्हणून ओवाळत होती, आणि सगळं बंदर तिच्याकडे बघत होतं.

"वर बघा, जावईबापू," ती म्हणाली. "माझ्या साईराजला पन तुमी असंच शोधलंवत. त्याचं नशीब नव्हतं."

निरंजनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्याने आईचं मनगट धरलं.

"नका ओवाळू, आई. नशीब होतं त्याचं. तो इथे उत्तरेलाच होता. मी चुकीच्या बाजूला पाठवलं सगळ्यांना. माझ्या हिशेबात चूक होती."

ढोल कुणीतरी थांबवले. हिराजीकाका जवळ आले. निरंजनने त्यांनाही तेच सांगितलं, तशाच शब्दांत, काही न लपवता. रकाना, कार्डं यांतलं काही बोलला नाही. चूक माझी, एवढंच. दोन्ही खलाशांच्या घरी आत्ताच जातो म्हणाला.

आई ताट धरून तशीच उभी होती. वात जळत होती.

"किती दिस होता तिथं?" तिने विचारलं.

"पाच-सहा दिवस तरी बोट तरंगत असावी," निरंजन म्हणाला.

"पाणी होतं त्यांच्यापाशी?"

"थोडं," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

तिने ताट बर्फाच्या पेटीवर ठेवलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला तिकडं न्या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजीकाकांनी बोट काढली. आई, मी आणि निरंजन. तो येऊ का म्हणून विचारत नव्हता आणि येऊ नको असंही त्याला कुणी म्हणालं नाही. तो मागे, इंजिनाशेजारी बसला. फोनवरची रेघ बघून काकांना दिशा सांगत होता, अगदी हळू आवाजात. आईने आदल्या दिवसापासून त्याला एकदाही हाक मारली नव्हती. सकाळी ताटात भाकरी वाढली होती, माशाचा मधला तुकडा पातेल्यातच राहिला होता.

"इथं," तो एका ठिकाणी म्हणाला.

तिथे काहीच नव्हतं. हिरवं पाणी, लांबवर किनारा, किनाऱ्यावर एका देवळाचं पांढरं शिखर. साईराजलाही ते दिसलं असणार. आईने नारळ पाण्यात सोडला. मग ती म्हणाली, "हिराजी, इंजिन बंद कर."

काकांनी इंजिन बंद केलं. वारा अजिबात नव्हता, आईच्या पदराचं टोकही हलत नव्हतं. तरी थोड्या वेळाने देवळाचं शिखर मागे सरकू लागलं. आम्ही उत्तरेला चाललो होतो. नारळ आमच्या शेजारी, आमच्याच वेगाने वाहत होता.

निरंजनने वाकून पाण्यात हात घातला आणि बाहेर काढला नाही. आईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग ती परत पुढे वळली. शिखर दिसेनासं झाल्यावर काकांनी विचारलं, "फिरवू?"

"नको," आई म्हणाली. "अजून थोडं जाऊ दे."